ख्रिश्चन डॉप्लर: ताऱ्यांचा रंग चुकला, पण बोटातलं रक्त सापडलं

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला आधी पोट आठवतं. गरोदर बाई, मुतखडा, पित्ताशयातले खडे. पण सोनोग्राफी बोटाचीही करता येते, आणि त्यात बोटातल्या जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या धमनीतून रक्त वाहतंय की नाही, किती वेगानं वाहतंय, हे कळतं. रिपोर्टवर या तपासणीच्या नावात एक शब्द हमखास असतो: डॉप्लर.

हा शब्द म्हणजे एका माणसाचं आडनाव आहे. त्यानं आयुष्यात कधी रुग्ण तपासला नाही. रक्तावर एक ओळ लिहिली नाही. त्याला आकाशातल्या जोडताऱ्यांचे रंग समजावून सांगायचे होते, आणि नेमकं तेच उदाहरण चुकीचं निघालं. तरी त्याचा नियम टिकला. तो कसा टिकला आणि सिस्टेमिक स्क्लेरोसिस झालेल्या माणसाच्या बोटापर्यंत कसा पोचला, ते आज बघू.

आधी प्रश्न काय आहे ते समजून घेऊ

डिसेंबर-जानेवारीत चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात पहाटे चांगलाच गारठा असतो. पोंभुर्णा तालुक्यातल्या एखाद्या गावात सकाळी गार पाण्यात भांडी घासताना बोटं पांढरी पडली, बधिर झाली, तर माणूस शेकोटीपाशी हात शेकतो आणि विसरून जातो. बहुतेकांचं त्यात काही बिघडत नाही. थंडीनं बोटातल्या धमन्या आवळतात, ऊब मिळाली की पुन्हा मोकळ्या होतात. बोटं आधी पांढरी, मग निळसर आणि रक्त परतलं की लाल, असा हा प्रकार मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये आपल्या प्रबंधात मांडला. म्हणून त्याला रेनॉचा त्रास म्हणतात.

थोड्या लोकांच्या बाबतीत मात्र ही एका मोठ्या आजाराची पहिली खूण असते. सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच पेशींवर उलटते, कातडी कडक होते, आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती आतून जाड होत जातात. या आजाराच्या दहातल्या नऊपेक्षा जास्त रुग्णांना रेनॉचा त्रास असतो, आणि कित्येकांना तो कातडी कडक होण्याच्या बऱ्याच आधी सुरू होतो. पुढे बोटांच्या टोकांना जखमा होतात, त्या महिनोन्महिने भरत नाहीत, आणि फारच दुर्लक्ष झालं तर बोटाचं टोक काळं पडून गमवावं लागतं.

बाहेरून बघितलं तर दोघांचीही बोटं पांढरीच. एकाची धमनी नुसती आवळली आहे, दुसऱ्याची आतून कायमची अरुंद झाली आहे. हा फरक कातडीच्या वरून कसा ओळखायचा? इथे डॉप्लर उपयोगी पडतात. आता त्यांच्या आयुष्याकडे वळू.

पाथरवटाच्या घरातला अशक्त मुलगा

ख्रिश्चन डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग गावात झाला. घराणं पाथरवटांचं. सतराव्या शतकापासून घरात दगड घडवायचा धंदा, आणि तो बऱ्यापैकी चाललेला. ज्या चौकात त्यांचं घर होतं, त्याच चौकात काही वर्षांपूर्वी संगीतकार मोझार्टचं कुटुंब राहत होतं.

मुलानं वडिलांच्या हाताखाली छिन्नी-हातोडा धरायचा, ही रीत. पण ख्रिश्चनची तब्येत लहानपणापासून नाजूक. दगडाचं काम त्याला झेपणारं नव्हतं. मग वडिलांनी ठरवलं की पोराला हिशेबाकडे वळवावं. त्याआधी त्याला गणितात खरंच गती आहे का, हे गावातले गणिताचे प्राध्यापक सायमन स्टाम्पफर यांना विचारलं. स्टाम्पफर यांनी मुलगा पारखला आणि त्याला थेट व्हिएन्नाच्या नव्या पॉलिटेक्निकमध्ये पाठवा, असा सल्ला दिला. (हेच स्टाम्पफर पुढे फिरत्या चकतीवर चित्रं हलताना दाखवण्याच्या युक्तीसाठी प्रसिद्ध झाले. सिनेमाच्या पूर्वजांपैकी ती एक.)

१८२२ मध्ये डॉप्लर व्हिएन्नाला गेले. तिथलं शिक्षण त्यांना एकांगी वाटलं, म्हणून तीन वर्षांनी ते गावी परतले, राहिलेलं शालेय शिक्षण खासगीरीत्या पूर्ण केलं आणि पुन्हा व्हिएन्नाला जाऊन विद्यापीठात शिकले. १८२९ मध्ये त्यांना उच्च गणिताच्या प्राध्यापकांचा सहायक म्हणून नेमणूक मिळाली. पण ती होती चार वर्षांपुरती. आजच्या भाषेत सांगायचं तर कंत्राटी.

सामान विकून अमेरिकेला निघालेला माणूस

१८३३ मध्ये मुदत संपली आणि तिशीतले डॉप्लर बेकार झाले. गणितावर त्यांचे काही लेख छापून आले होते, पण नोकरी मिळेना. ते एकामागून एक अर्ज करत राहिले. त्या काळी अशा जागांसाठी स्पर्धा परीक्षा असायच्या, आणि निकाल यायला कधीकधी वर्ष-वर्ष लागायचं. (आपल्याकडच्या भरतीच्या उमेदवारांना हे सांगायला नकोच.) पोटासाठी त्यांनी एका सूतगिरणीत दीड वर्ष हिशेबनिसाचं काम केलं.

१८३५ मध्ये त्यांनी आशा सोडली आणि अमेरिकेला जायचं ठरवलं. सामानसुमान विकलं आणि म्युनिचला जाऊन अमेरिकेच्या वकिलातीत चौकशीही केली. तेवढ्यात प्रागहून पत्र आलं: तिथल्या सरकारी शाळेत प्राथमिक गणित आणि व्यापारी हिशेब शिकवायची जागा मिळाली होती. अमेरिका राहिली. पुढच्या वर्षी त्यांनी माथिल्डे श्टुर्म यांच्याशी लग्न केलं, आणि पुढे त्यांना पाच मुलं झाली.

प्रागमध्ये शाळेचं काम सांभाळून ते पॉलिटेक्निकमध्येही तासिका घेऊ लागले. तिथं प्राध्यापक म्हणून कायम व्हायला १८४१ उजाडलं. काम मात्र बेसुमार. शेकडो विद्यार्थ्यांच्या लेखी आणि तोंडी परीक्षा, त्याच गर्दीच्या खोल्यांत तासन्‌तास बोलणं. तब्येत आधीच तोळामासा, त्यात छातीचा विकार जडला. त्यातून १८४४ मध्ये विद्यार्थ्यांनी तक्रार केली की हे सर फार कडक तपासतात. चौकशी झाली, मनस्ताप झाला.

पण याच दगदगीच्या वर्षांत त्यांना ती कल्पना सुचली.

२५ मे १८४२: मूठभर श्रोते

त्या दिवशी प्रागच्या विज्ञान सभेच्या बैठकीत डॉप्लर यांनी निबंध वाचला. विषय होता, जोडताऱ्यांचा आणि आकाशातल्या इतर काही ताऱ्यांचा रंगीत प्रकाश. ऐकायला मोजकी माणसं होती.

कल्पना अशी. नदीकाठी नाव उभी असेल तर लाटा तिला ठरावीक अंतरानं धडकतात. नाव लाटांच्या दिशेनं निघाली तर धडका लवकर लवकर बसतात, लाटांपासून दूर जाऊ लागली तर सावकाश. लाटा त्याच, फक्त नावेला त्या भेटायचा वेग बदलला. डॉप्लर म्हणत होते की आवाज आणि प्रकाश दोन्ही लाटाच आहेत, म्हणून तिथंही असंच व्हायला हवं. लाटा सोडणारा किंवा घेणारा हलला की लाटांची वारंवारता बदललेली जाणवणार.

आवाजाचा अनुभव आपल्याला रोजचा आहे. मूल किंवा बल्लारपूरच्या बाजूला रेल्वेच्या फाटकापाशी उभे राहा. भोंगा वाजवत येणाऱ्या गाडीचा सूर जवळ येताना चढा लागतो आणि इंजिन पुढून निघून गेलं की एकदम उतरतो. ताशी ७२ किलोमीटरनं धावणारी गाडी सेकंदाला २० मीटर जाते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. भोंग्याची वारंवारता ४०० हर्ट्झ असेल तर गाडी येताना आपल्याला ४२५ हर्ट्झ ऐकू येते आणि जाताना ३७८. ड्रायव्हरला मात्र पूर्ण वेळ ४०० च.

डॉप्लर यांनी हे सूत्र मांडलं ते बरोबर होतं. मग चुकलं कुठे? उदाहरणात. त्यांचं म्हणणं असं की तारे मुळात पांढरे असतात. आपल्याकडे येणारा तारा निळसर दिसतो, दूर जाणारा लालसर, आणि म्हणून जोडताऱ्यांना असे वेगवेगळे रंग दिसतात. पण आकडे बघा. तारा सेकंदाला ३० किलोमीटर वेगानं आला तरी प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. म्हणजे बदल दहा हजारांत एक भाग. एवढ्यानं कोणत्याही डोळ्याला रंग बदललेला दिसणार नाही. ताऱ्यांचे रंग त्यांच्या तापमानामुळे असतात, हे पुढे कळलं.

म्हणजे नियम खरा, परिणामही खरा, पण तो इतका सूक्ष्म की नुसत्या डोळ्यानं दिसेल ही अपेक्षा खोटी. ही गोष्ट लक्षात ठेवा, बोटाकडे वळल्यावर ती पुन्हा लागणार आहे.

आगगाडीवर ट्रम्पेट

तीन वर्षांनी नेदरलँड्समधल्या बाइस बॅलट नावाच्या तरुण शास्त्रज्ञानं ठरवलं की हे म्हणणं तपासून बघायचं. ताऱ्यांच्या रंगाबद्दल त्याला शंका होती. पण आधी आवाजावर प्रयोग केला.

त्या काळी वारंवारता मोजणारं यंत्र नव्हतं. मग त्यानं तयार कानाची माणसंच यंत्र म्हणून वापरली. उट्रेख्ट ते मार्सन या रेल्वेमार्गावर गाडीत ट्रम्पेट वाजवणारे बसवले आणि रुळांच्या कडेला सूर ओळखणारे संगीतकार उभे केले. गाडी वेगानं जाताना वादकांनी एकच सूर धरायचा आणि खालच्यांनी तो किती चढला, किती उतरला ते सांगायचं. मग उलट: वादक खाली, ऐकणारे गाडीत. फेब्रुवारी १८४५ मध्ये पहिला प्रयत्न हवामानामुळे फसला. जूनमध्ये पुन्हा केला आणि जमला. सूर सूत्राप्रमाणे बदलत होता. बाइस बॅलटनं आवाजाचा नियम मान्य केला, ताऱ्यांच्या रंगाचं स्पष्टीकरण नाकारलं. दोन्ही निर्णय बरोबर होते.

१८४८ मध्ये फ्रान्सच्या फिझो यांनी प्रकाशाबद्दल नेमकं काय शोधायचं ते सांगितलं. ताऱ्याचा एकूण रंग न बघता वर्णपटातल्या बारीक काळ्या रेघा किती सरकल्या ते बघा. आधार म्हणून ठरलेली रेघ घ्यायची आणि तिच्यापासूनचा फरक मोजायचा. पुढे याच मार्गानं ताऱ्यांचे वेग खरोखर मोजले गेले. ते बघायला डॉप्लर नव्हते.

शेवटची सहा वर्षं

१८४७ मध्ये डॉप्लर प्राग सोडून शेम्निट्झच्या खाणकाम अकादमीत गेले. आज ते गाव स्लोव्हाकियात आहे. वर्षभरात त्या भागात क्रांतीची धामधूम सुरू झाली आणि त्यांना तिथूनही निघावं लागलं. व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकमध्ये त्यांना जी जागा मिळाली ती त्यांचेच जुने गुरू स्टाम्पफर यांच्या निवृत्तीमुळे रिकामी झाली होती. १८५० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात नवी भौतिकशास्त्र संस्था निघाली आणि डॉप्लर तिचे पहिले संचालक झाले. सूतगिरणीतला हिशेबनीस आता देशातल्या मोठ्या पदावर होता. त्यांच्या तासांना बसणाऱ्यांत एक धर्मगुरू विद्यार्थी होता, ग्रेगोर मेंडेल. वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे तेच हे मेंडेल.

सुख फार दिवस लाभलं नाही. १८५२ मध्ये योसेफ पेट्झवाल यांनी व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत डॉप्लर यांच्या नियमावर हल्ला चढवला. पेट्झवाल लहानसहान माणूस नव्हता. त्यांनी काढलेल्या भिंगामुळे फोटो काढणं कितीतरी सोपं झालं होतं. त्यांचं म्हणणं, एवढ्या साध्या सूत्रातून मोठा नियम निघतो कसा? खरा नियम अवघड समीकरणांतूनच यायला हवा. त्यांनी एक गणितही मांडलं, आणि ते बरोबर होतं: भोंगा आणि ऐकणारा दोघंही जागेवर असतील तर मधून वारा वाहिला म्हणून सूर बदलत नाही. पण डॉप्लर बोलत होते ते भोंगा किंवा ऐकणारा स्वतः हलतो तेव्हाबद्दल. दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत झाली. आगगाडीचा प्रयोग होऊन सात वर्षं उलटली होती, तरी वाद झालाच.

डॉप्लर यांची छाती तोवर पार खालावली होती. नोव्हेंबर १८५२ मध्ये उबदार हवेसाठी ते व्हेनिसला गेले. १७ मार्च १८५३ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. वय ४९. त्यांना व्हेनिसच्या सॅन मिकेले बेटावरच्या दफनभूमीत पुरलं. त्यांची नेमकी कबर कुठली, हे आज सांगता येत नाही.

ताऱ्यांकडून रक्ताकडे

पुढची शंभर वर्षं हा नियम मुख्यतः खगोलशास्त्रात आणि नंतर रडारमध्ये वापरला गेला. १९५० च्या दशकात जपानमधल्या ओसाका विद्यापीठात शिगेओ सातोमुरा यांनी कानाला न ऐकू येणाऱ्या उच्च आवाजाच्या लाटा, म्हणजे अल्ट्रासाउंड, छातीवर सोडून हृदयाची हालचाल टिपली आणि मग तीच पद्धत रक्तवाहिन्यांवर वापरली. डॉप्लर यांच्यासारखेच तेही लवकर गेले, १९६० मध्ये. त्यानंतर अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी लाटा सलग न सोडता तुकड्या-तुकड्यांनी सोडायचं तंत्र वाढवलं. त्यामुळे परतलेला आवाज किती खोलीवरून आला हे कळू लागलं. १९८० च्या दशकात जपानमध्ये वाहतं रक्त पडद्यावर रंगात दाखवणारी मशीन तयार झाली.

आता आत काय घडतं ते बघू. मशीनचा प्रोब लाटा सोडतो. त्या रक्तातल्या तांबड्या पेशींवर आदळून परत येतात. पेशी प्रोबकडे येत असतील तर परतलेल्या लाटेची वारंवारता थोडी वाढते, दूर जात असतील तर घटते. लाट जाताना एकदा आणि येताना एकदा, असा परिणाम दोनदा होतो.

समजा १ कोटी हर्ट्झची लाट सोडली. रक्त सेकंदाला १० सेंटिमीटर वेगानं वाहतंय, आणि लाट त्या प्रवाहाशी ६० अंशांचा कोन करते. शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर धरतात. गणित केलं तर फरक येतो साधारण ६५० हर्ट्झ. १ कोटीत ६५०! ताऱ्यांसारखंच, नगण्य. पण मशीन डॉप्लर यांच्यासारखी नुसत्या नजरेवर विसंबत नाही. ती परतलेली लाट आपण सोडलेल्या लाटेशी ताडून बघते आणि फक्त फरक बाजूला काढते. तो ६५० हर्ट्झचा फरक माणसाच्या कानाला सहज ऐकू येतो. डॉप्लर तपासणीच्या खोलीत तो सूं-सूं आवाज येतो ना, तो हाच. आपण हृदयाचे ठोके ऐकत नसतो, वेगाचा फरक ऐकत असतो.

एक गंमत सांगतो. आकाशात जवळ येणाऱ्या ताऱ्याच्या वर्णरेषा निळ्या बाजूला सरकतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर मात्र प्रोबकडे येणारं रक्त सहसा लाल दाखवतात आणि दूर जाणारं निळं. हा फक्त संकेत आहे, बटण दाबून उलटाही करता येतो. त्यामुळे लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध, असा अर्थ काढू नका.

बोटात नेमकं काय बघतात?

पोटाच्या सोनोग्राफीसाठी साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झचा प्रोब लागतो, कारण खोलवर जायचं असतं. बोट बारीक असतं, खोली नसतेच. म्हणून तिथं १५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त वारंवारतेचा प्रोब वापरता येतो. वारंवारता जास्त, तितकं चित्र बारीक.

डॉक्टर साधारण तीन टप्प्यांवर बघतात.

१. मनगट: इथून दोन धमन्या हातात शिरतात. अंगठ्याच्या बाजूची रेडियल आणि करंगळीच्या बाजूची अल्नर. सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये अल्नर धमनी अरुंद किंवा बंद झालेली बऱ्याच रुग्णांत आढळते. नाडी आपण रेडियलवर बघतो, ती छान लागते, आणि अल्नरचा बिघाड लपून राहतो.

२. बोटाच्या धमन्या: प्रत्येक बोटाला दोन्ही कडांनी एकेक. त्यांच्यातला सर्वांत जास्त वेग, हृदयाच्या दोन ठोक्यांमधला वेग आणि प्रवाहाला होणारा अडथळा आलेखावरून मोजतात.

३. बोटाचं टोक: इथल्या वाहिन्या फार बारीक आणि प्रवाह फार मंद. त्यासाठी पॉवर डॉप्लर वापरतात. तो दिशा सांगत नाही, पण मंद प्रवाह जास्त चांगला पकडतो. टोकात रंग भरपूर दिसतो, थोडा दिसतो की अजिबात नाही, अशी श्रेणी देतात.

आता सुरुवातीचा प्रश्न. धमनी नुसती आवळली आहे की आतून अरुंद झाली आहे? हात ऊबदार केल्यावर पुन्हा बघायचं. नुसता आवळण्याचा प्रकार असेल तर प्रवाह खुलतो. भिंतच जाड झाली असेल तर ऊब देऊनही तो पुरेसा परतत नाही. पहिल्या प्रकारात हात जपणं आणि गरज पडली तर धमन्या सैल करणारी गोळी, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. दुसऱ्या प्रकारात जखम व्हायच्या आधीच सावध व्हावं लागतं, फुप्फुसं आणि हृदयही तपासावी लागतात, आणि औषधं वेगळी लागू शकतात.

पण यातही फसायला होतं

डॉप्लर ताऱ्यांबाबत फसले ते या कारणानं: रंग दिसला, आणि त्याचं एकच कारण धरलं. बोटाच्या तपासणीतही हीच चूक होऊ शकते. पडद्यावर रंग दिसला नाही म्हणजे धमनी बंद, असं लगेच म्हणता येत नाही.

- खोली गार असेल, एसी जोरात असेल तर निरोगी माणसाच्या बोटातही प्रवाह कमी दिसतो. म्हणून रुग्णाला आधी ऊबदार खोलीत थोडा वेळ बसवतात आणि जेलही कोमट घेतात.
- प्रोब जरा जास्त दाबला की बारीक धमनी दबूनच जाते.
- लाट प्रवाहाला बरोबर काटकोनात पडली तर सूत्राप्रमाणे फरक शून्य येतो. रक्त वाहत असतं, मशीन म्हणते नाही.
- नुकताच चहा, बिडी किंवा खर्रा झाला असेल तर मोजमाप बदलू शकतं.
- केशवाहिन्यांतलं रक्त इतकं संथ असतं की भिंतींच्या हालचालीचा आवाज गाळताना त्याचाही आवाज गाळला जातो.

शिवाय ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर बरीच अवलंबून असते, आणि सगळीकडे एकाच पद्धतीनं होत नाही. निदानासाठी नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या भिंगातून बघणं आणि रक्तातल्या अँटिबॉडीज तपासणं, हे जास्त पक्कं मानतात. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत नखाच्या केशवाहिन्या, रेनॉचा त्रास आणि अँटिबॉडीज आहेत, बोटाची डॉप्लर सोनोग्राफी नाही. ती जोडीला करायची तपासणी आहे. कोणत्या धमनीत किती अडथळा आहे आणि औषधानं प्रवाह सुधारला का, हे बघायला ती कामाची, कारण तिच्यात सुई नाही, किरणोत्सर्ग नाही आणि ती पुन्हा पुन्हा करता येते.

पोंभुर्ण्यात राहणाऱ्यानं काय लक्षात ठेवावं?

पुस्तकांत रेनॉचं चित्र गोऱ्या कातडीचं असतं. सावळ्या, काळ्या कातडीवर बोट पांढरंफटक दिसत नाही. ते राखाडी, निस्तेज दिसतं, आणि बऱ्याचदा कोणाच्या नजरेतच भरत नाही. म्हणून नखाखाली आणि बोटाच्या आतल्या बाजूला बघा. शक्य असेल तर त्रास होत असतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत बोटं पूर्ववत झालेली असतात, आणि डॉक्टरांना दाखवायला काहीच उरत नाही. तो फोटो फार कामाला येतो.

नुसती थंडीत बोटं गार पडतात म्हणून घाबरायचं कारण नाही. पण पुढीलपैकी काही असेल तर थांबू नका: त्रास तिशीनंतर नव्यानं सुरू झाला, एका हाताला जास्त, दुसऱ्याला कमी आहे, बोटं सुजून अंगठी निघत नाही, बोटांची कातडी ताठ होऊन मूठ नीट वळत नाही, टोकाला बारीक खड्डे किंवा न भरणारी जखम आहे, गिळताना अडकतं किंवा चढावर दम लागतो. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या, बांबू चिरणाऱ्या माणसाच्या बोटाला जखमा होतच असतात, त्यामुळे न भरणारी जखमही कामाचीच समजली जाते. इथेच महिने वाया जातात.

आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवा आणि रेनॉचा त्रास असू शकतो का, हे स्पष्ट विचारा. पुढची वाट चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची, आणि गरज पडली तर नागपूरची. बोटाची डॉप्लर तपासणी सगळीकडे मिळत नाही, त्यामुळे जाण्याआधी फोन करून विचारलेलं बरं. छोटी, खिशात मावणारी सोनोग्राफी मशीन आली आहेत, मग गावातच का होत नाही, असा प्रश्न पडेल. आपल्याकडे गर्भलिंग निदान रोखण्यासाठीचा १९९४ चा कायदा आहे, आणि सोनोग्राफी मशीन कुठे, कोणी वापरायची याची नोंदणी त्यात सक्तीची आहे. बोट तपासायचं असलं तरी मशीन तीच, म्हणून नियमही तेच.

आणि एक गोष्ट मशीनशिवाय करता येते. चंद्रपूर-गडचिरोलीत घरोघरी चालणारा खर्रा आणि बिडी, दोन्हींत निकोटिन असतं, आणि निकोटिन बोटाच्या धमन्या आवळतं. ज्याच्या बोटात आधीच रक्त कमी पोचतंय त्यानं ते सोडणं, सकाळी गार पाण्याऐवजी कोमट पाणी घेणं, आणि बोटांबरोबर छाती-पोटही उबदार ठेवणं, याचा खरंच उपयोग होतो. अंग गार पडलं की शरीर आधी हातापायांचं रक्त कमी करतं, म्हणून नुसते हातमोजे पुरत नाहीत.

प्रागच्या त्या सभेत डॉप्लर यांनी मांडलं ते एवढंच होतं की हलणाऱ्या गोष्टीची लाट आपल्यापर्यंत बदलून येते. हा बदल किती सूक्ष्म असतो याचा अंदाज त्यांना नव्हता, आणि तो मोजणारं साधन त्यांच्या हयातीत निघालं नाही. आज ते साधन जिल्ह्याच्या गावी आहे. पोंभुर्ण्याच्या कोणा बाईचं बोट वेळेत तिथं पोचलं, तर ते वाचायची शक्यता बरीच वाढते.